पट्टीवर आलेलं पाणी

"काका, खरं सांगू का? तुमचा कार्यक्रम कुणी बघत नाय," गोकुळ म्हणाला, आणि साहेबराव औताड्यांचं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

गोकुळ म्हणजे 'दख्खन केबल'चा मालक. टीव्ही सेंटर चौकात पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या घेऊन तो हडको वसाहतीतल्या घराघरांत पोचणारी एक वाहिनी चालवत असे. सकाळी आरत्या, दुपारी साड्यांच्या सेलच्या जाहिराती, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि दर गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता 'चौकटीत राहा'.

'चौकटीत राहा' हा अर्ध्या तासाचा विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम होता. तो साहेबरावच लिहायचे, साहेबरावच बसवायचे, आणि एखादा पुरुष कलाकार ऐनवेळी आला नाही की त्यात कामही साहेबरावच करायचे. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि त्या बत्तीस वर्षांत समास न सोडलेला एकही अर्ज त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता. जग बिघडलं ते माणसांनी समास सोडायचं सोडल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. ते कुठल्याच पक्षात नव्हते, कारण एकही पक्ष त्यांना पुरेसा जुना वाटत नव्हता.

कार्यक्रमात ते सगळ्या आधुनिकांची हजेरी घेत. लग्नाशिवाय एकत्र राहणारं जोडपं गॅसच्या अर्जातल्या 'नातं' या रकान्यापाशी अडकून दोन महिने स्टोव्हवर स्वयंपाक करतं, किंवा झोळीवाले प्राध्यापक मोर्चाला निघतात आणि ऊन आहे म्हणून सावलीत बसून ठराव पास करतात, असे विषय. पण त्यांचं हुकमी पात्र म्हणजे क्रांतीताई. मोठ्ठा चष्मा, खांद्यावर शबनम, आणि दर दोन वाक्यांनंतर "हे चालणार नाही, आणि आम्ही चालू देणार नाही!" हे काम तनुजा करायची. ती दिवसभर मेडिकलच्या दुकानात गोळ्या मोजायची आणि गोळ्या मोजून मोजून तिचा आवाज फार स्पष्ट झाला होता.

प्रत्येक भागात क्रांतीताई सत्तावीस मिनिटं क्रांती करायची आणि शेवटच्या तीन मिनिटांत तिचा पुरता फज्जा उडून ती सासूबाईंच्या पाया पडायची. मग सासूबाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणायच्या, "बाई गं, चौकटीत राहा!" ही तीन मिनिटं म्हणजे कार्यक्रमाचा आत्मा, असं साहेबराव मानत. बाकीची सत्तावीस त्यांनी निव्वळ लोकांच्या सोयीसाठी ठेवली होती.

"कुणी बघत नाही म्हणजे?" साहेबरावांनी विचारलं. "गुरुवारी मी स्वतः गल्लीतून फिरून आलो. घराघरात टीव्ही चालू. टीव्हीवर आपला कार्यक्रम!"

"टीव्ही चालू असतो काका. आवाज बंद असतो."

"आवाज बंद?"

"लोक पट्टी बघतेत. खालची."

पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणारी ओळ. हडकोत नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. बहुधा गुरुवारी, कधी बुधवारी, कधी शुक्रवारी, आणि किती वाजता ते तर कुणालाच सांगता यायचं नाही. त्यामुळे गोकुळच्या पट्टीवर 'एन-अकरा, पाणी आज सायंकाळी सहा वाजता' अशी एखाद्या भागाची ओळ दिसली की तिथल्या बायका हातातलं काम टाकून ड्रम धुवायला पळत. ही बातमी गोकुळला कुठून मिळते हे विचारलं तर तो फक्त "आपला माणूस हाय" एवढंच सांगे. पट्टी मात्र सहसा चुकत नसे. त्या पट्टीच्या वर काय चाललंय, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

"दिल पे नको लेव काका," गोकुळ म्हणाला. "येत्या गुरुवारी शेवटचा भाग करा. मस्त करा. मंग त्या टायमाला मी भविष्य लावू राहिलो. एक ज्योतिषी मागं लागलाय."

साहेबराव जिना उतरून घरी आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. निवृत्तीनंतर माणसाचे सगळे वार सारखे होतात. साहेबरावांचा एक गुरुवार तेवढा वेगळा होता. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत, आरशात बघत, आणि दुपारी तीनपासून घड्याळाकडे असं पाहत की जणू परीक्षेचा पेपर त्यांनीच काढलाय. तो गुरुवार गेला तर पुढे काय, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

"काय झालं?" केसरबाईंनी विचारलं. त्यांच्यापुढे त्यांच्या माहेरचा, सिल्लोडकडचा भाचा बन्सी चहा पीत बसला होता. हा बन्सी आठ-पंधरा दिवसांनी चहाला यायचा. पँट कायम गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने माखलेले. तो नेमकं काय काम करतो हे साहेबरावांनी तीन वर्षांत विचारलं नव्हतं, कारण पायपुसण्यावर पाय न पुसणाऱ्या माणसाशी ते फार बोलत नसत.

बन्सी गेल्यावर साहेबरावांनी सगळं सांगितलं.

"मंग आता काय करायलात?"

"लोकांना पाणीच पाहिजे ना?" साहेबराव ताडकन उठले. "देतो त्यांना पाणी!"

दोन दिवस खपून त्यांनी प्रहसन लिहिलं. नाव 'समान पाणी'. क्रांतीताई गल्लीतल्या बायकांना जमवते आणि जाहीर करते की आजपासून पाणी बाप्यांनी भरायचं. मग तिचा नवरा पाणी भरायला जातो, नळी निसटते, मोटर बंद पडते, हांडा डोक्यावर पालथा होतो, घरभर तळं साचतं, तो "अगं ये गं!" म्हणून गळा काढतो, आणि क्रांतीताई सासूबाईंच्या पायावर लोळण घेते. पडणं जोरात दिसावं म्हणून साहेबरावांनी क्रांतीताईला आधी चांगलं उंच चढवलं होतं. तिचं भाषण त्यांनी मुद्दाम जोरकस लिहिलं होतं.

साहेबरावांचं अक्षर तेवढं वाईट होतं. म्हणून त्यांचं लिखाण केसरबाई सुवाच्य अक्षरात उतरवून देत. शेवटचं पान उतरवताना त्या थांबल्या.

"शेवट असाच ठेवायचा का?"

"असाच म्हणजे? हाच तर शेवट. काहून?"

"काय नाय. इचारलं," असं म्हणून केसरबाईंनी पान पूर्ण केलं आणि खाली दोन सरळ रेघा मारल्या.

चित्रीकरण गिरणीच्या वर झालं. सासूबाईंचं काम नेहमीप्रमाणे कडुबाने केलं. कडुबा हा साहेबरावांचा शेजारी, एसटीतला निवृत्त कंडक्टर. बायकांनी उगाच टीव्हीत कामं करू नयेत, असं दोघांचंही मत असल्याने सासूबाईंसाठी बाई घेतली नव्हती. तनुजाचा अपवाद, कारण क्रांतीताई ही तशीही वाया गेलेली बाई होती. कडुबाला मिशी काढायला सांगितली तर तो म्हणाला, "मिशी घराण्याची हाय, मी पदर घेतो." त्यामुळे सासूबाई कायम तोंडावर पदर धरून बोलत. नवऱ्याचं काम करायला येणारा माणूस आलाच नाही, म्हणून ते साहेबरावांनी स्वतः केलं. ते कामात इतके रंगले की हांडा खरंच डोक्यावर पडला आणि टेंगूळ आलं.

तनुजाने मात्र कमाल केली. ती रोज मेडिकलला जाण्याआधी घर आवरायची, आणि पाण्याच्या दिवशी ड्रमही तीच भरायची. तिने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "बायांनो, पाणी आठ दिवसांनी येतं, पण ते आठही दिवस आपल्या डोक्यावर असतं! कधी येईल, किती येईल, कोणत्या ड्रममधलं कशाला वापरायचं. घरात पाणी पितात सगळे, आणि घोर एकटीला! हे चालणार नाही, आणि आम्ही चालू देणार नाही! आज पाणी बाप्ये भरतील. आपण दारात खुर्ची टाकून बसायचं!" ऐकता ऐकता पदराआडचा कडुबासुद्धा टाळ्या वाजवून बसला. साहेबरावांना तो भाग कापावा लागला.

गुरुवार उजाडला. साडेतीनला साहेबराव इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. केसरबाई स्वयंपाकघराच्या दारात मोबाईल हातात घेऊन उभ्या होत्या. सुरुवातीलाच पडद्यावर निळे ड्रम, हांडे आणि नळी दिसली, आणि काय आश्चर्य! पाणी आलं की काय म्हणून गल्लीतल्या एकेका घराने टीव्हीचा आवाज चढवला. साहेबरावांना आपली वाक्यं चार खिडक्यांतून एकदम ऐकू येऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं इतक्या लोकांनी एका वेळी ऐकलं होतं. त्यांना गहिवरून आलं.

क्रांतीताईचं भाषण झालं. कुठूनशी शिट्टीसुद्धा आली. "ऐका, ऐका," साहेबराव स्वतःशीच म्हणाले. "आता बघा कशी आपटते."

सत्ताविसावं मिनिट लागलं. पडद्यावर नवरा नळी उचलायला वाकला, आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखालून लाल अक्षरांची पट्टी सरकली: 'एन-अकरा, पाणी आज चार वाजता. तयारीत राहावे.'

एका पाठोपाठ एक चारी खिडक्या गप्प झाल्या. मग ड्रम ओढल्याचे आवाज आले. आणि त्यानंतर साहेबरावांना कधीच न ऐकलेला एक आवाज आला. गल्लीभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या सरकत होत्या.

शेवटची तीन मिनिटं हडकोत एकट्या साहेबरावांनी पाहिली. सासूबाईंनी "चौकटीत राहा" म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. केसरबाई स्वयंपाकघरात नव्हत्या. त्या अंगणात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय पालथ्या बादलीवर.

"अगं, पाणी येऊ राहिलं!"

"व्हय. पट्टीवर बघितलं."

"मग उठ की!"

"मी कशी उठू? क्रांतीताई म्हणल्या, आज बाप्ये भरतील."

"तो विनोद होता!"

"व्हय का? मला वाटलं तुम्ही लिवलंय."

साहेबरावांनी कपाळाला हात लावला. नेमका टेंगळावर लागला. "आणि शेवट? सगळं तूच उतरवून काढलंस, शेवट तुला माहीत नाही?"

"मला पाठ हाय. पण बाकीच्या बायांनी कुठं बघितलाय? समद्या बसल्यात. मी एकलीच उठले तर बरं दिसंल का? तुमच्याच कार्यक्रमाची बेअब्रू."

साहेबराव फाटकाशी आले. एन-अकराच्या त्या गल्लीत दर फाटकापाशी एक खुर्ची आणि तिच्यात एक बाई बसली होती. समोरच्या घरातून कडुबा गळ्यात हिरवी नळी घालून बाहेर आला.

"साहेबराव, हे काय इपरीत करून ठिवलं? बायको म्हणती, टाळ्या वाजवल्या म्हणं तुम्ही, आता भरा."

"टाळ्यांचा भाग मी कापला होता!"

"मीच घरी सांगितलं व्हतं," कडुबा खाली बघत म्हणाला.

चार वाजले. पाणी आलं नाही. सव्वाचार झाले. गल्लीतले झाडून सगळे पुरुष कोरड्या नळाला नळ्या लावून उभे होते आणि बायका बसल्या बसल्या पुढच्या आठवड्याच्या गप्पा मारत होत्या. पाणी आलं पावणेपाचला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, पाणीच ते. पण तेवढ्या पाऊण तासात बायकांना खुर्चीची चांगली सवय झाली.

पुढचा एक तास साहेबराव सहसा आठवत नाहीत. मोटरचं बटण चपलांच्या रॅकमागे असतं हे त्यांना त्याच घरात राहून वीस वर्षांनी कळलं. हौदाचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं हेही कळलं. पिण्याचा ड्रम कोणता आणि धुण्याचा कोणता, हे मात्र उलटं कळलं. नळी निसटली, सदरा भिजला, अंगणभर तळं झालं, आणि त्यांनी नकळत हाक मारली, "अगं ये गं!"

केसरबाईंनी बादलीवरचे पाय तेवढे वर घेतले. "अगदी लिवल्यापरमानं करायलात," त्या कौतुकाने म्हणाल्या.

संध्याकाळी गोकुळचा फोन आला. "काका, लई हिट! ऐंशी फोन आले. बाया इचारतेत, क्रांतीताई रोज काहून नाय? भविष्य कॅन्सल. तुमचा टाइम पक्का!"

साहेबरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुढच्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं की हा आनंद चुकीच्या बाजूने आलाय. "गोकुळ, लोकांचा गैरसमज झालाय. उद्या त्याच वेळेला शेवटची तीन मिनिटं परत लाव. नुसती तीन मिनिटं."

"लावतो की."

शुक्रवारी साडेतीनला शेवटची तीन मिनिटं लागली. आता आवाज कुणी बंद करत नव्हतं. बायकांनी पाहिलं, एक पन्नाशी उलटलेला बाप्या साधी नळी धरू शकत नाही, हांडा डोक्यावर पालथा करून घेतो आणि बायकोच्या नावाने टाहो फोडतो. गल्लीत असा काही हशा पिकला की सासूबाईंचा उपदेश कुणाला ऐकूच आला नाही. त्यातून ऐन उपदेशाच्या वेळी कडुबाचा पदर घसरला आणि मिशी दिसली. चित्रीकरणात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा राजनंदिनीताई घरी आल्या. त्या शाळेत मराठी शिकवत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत अर्थ दिसे.

"भाऊ, काय लिहिलंय तुम्ही! ती मिशीवाली सासू! म्हणजे चौकटीत राहा म्हणून सांगणारी सासू ही मुळात बाई नाहीच. पदराआड बोलतोय तो पुरुषच! मी तर वर्गात उदाहरण देणारे."

"अहो ताई, तो कडुबा—"

"आणि पुरुषांची खिल्ली उडवायची तर स्वतःपासून सुरुवात. हांडा स्वतःच्या डोक्यावर! एवढं धाडस आम्ही कुठं बघितलं नव्हतं." त्यांनी पिशवीतून एक निमंत्रणपत्रिका काढली. त्यावर छापलं होतं, 'स्त्रीमुक्तीचे कैवारी मा. श्री. साहेबराव औताडे यांचा जाहीर सत्कार. गुरुवार, दुपारी साडेतीन.' समास चारी बाजूंनी व्यवस्थित सोडलेला होता. त्यामुळे साहेबरावांना पत्रिका फाडताही येईना.

ते तडक गिरणीच्या वर गेले. "गोकुळ, मी कैवारी नाही! मी आयुष्यभर याच्या विरुद्ध लिहीत आलोय!"

"काका, आस्ते बोला," गोकुळ दार लावत म्हणाला. "सत्कार मी लाईव्ह दाखवू राहिलो, तुमच्याच टायमाला. कैवारी व्हा, नायतर भविष्य लावावं लागंल. ज्योतिषी अजून खालीच बसलाय गिरणीत."

चार दिवस साहेबरावांच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. गप्प राहावं तर गुरुवार राहतो, पण ज्या मतांसाठी तो गुरुवार मिळवला तीच मतं जातात. बोलावं तर मतं राहतात, पण ती ऐकवायला गुरुवार राहत नाही. शेवटी बत्तीस वर्षांच्या नोकरीतला हेडक्लार्क जागा झाला. खोट्या नोंदीवर सही करायची नाही. त्यांनी तीन पानी भाषण लिहिलं, आणि ते केसरबाईंनी नेहमीप्रमाणे सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.

गुरुवारी समाजमंदिर भरून गेलं होतं. बायका खुर्च्यांवर, पुरुष मागे भिंतीला टेकून उभे. पहिल्या रांगेत केसरबाई, हातात मोबाईल. आपण टीव्हीवर कसे दिसतो हे लोकांना दिसावं म्हणून गोकुळने कोपऱ्यात एक टीव्हीही लावून ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, राजनंदिनीताईंचं मिशीच्या अर्थावरचं भाषण झालं. तेव्हा कडुबा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग साहेबराव उठले, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं.

"भगिनींनो, मी पुरोगामी नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती साधेपणा!" कुणीतरी म्हणालं.

"मी जुन्या मतांचा माणूस आहे."

हशा पिकला. तनुजा तर पोट धरून हसत होती. हे चौकटीतल्या माणसाची नक्कल करतायत, असंच सगळ्यांना वाटलं.

साहेबरावांनी घाम पुसला. पहिल्या पानावर फक्त प्रस्तावना होती. खरा मुद्दा दुसऱ्या पानावर होता. घरातली कामं, त्यांची वाटणी, बाईची जागा, सगळं तिथे मुद्देसूद मांडलं होतं. ते पान ऐकल्यावर कुणाला हसू येणार नव्हतं. त्यांनी पान उलटलं, घसा खाकरला, आणि एवढ्यात कोपऱ्यातल्या टीव्हीवर, त्यांच्या स्वतःच्या हनुवटीखालून, लाल पट्टी सरकली: 'एन-अकरा, पाणी आज चार वाजता. तयारीत राहावे.'

मागची भिंत क्षणात मोकळी झाली. सगळ्यांच्या पुढे कडुबा पळाला. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. उलट आता निवांत ऐकता येईल म्हणून त्यांनी पाय पसरले.

साहेबरावांनी घड्याळ पाहिलं. चारला सात मिनिटं कमी. घरी पिण्याचा ड्रम तळाला गेलेला, धुण्याचा सकाळीच संपलेला. आज भरलं नाही तर आठ दिवस कोरडे. त्यांनी केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाई खुर्चीत आरामात टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित दाराकडे कलती केली.

दुसरं पान हातात होतं आणि मोटरचं बटण चपलांच्या रॅकमागे. साहेबरावांनी दोन्हींचा विचार केला.

"उरलेलं पुन्हा कधीतरी," असं म्हणून त्यांनी पानं खिशात कोंबली आणि शाल सावरत ते दाराकडे धावले. नारळ टेबलावरच राहिला. मागून राजनंदिनीताईंचा भरून आलेला आवाज माईकवर घुमला, "बोलणारे खूप बघितले, बायांनो. व्यासपीठावरून उतरून पाणी भरायला धावणारा आज पहिल्यांदा बघितला!" पुढच्या टाळ्या साहेबरावांना थेट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होत्या.

या वेळी पाणी बरोबर चारला आलं. साहेबरावांनी शाल कमरेला बांधली, मोटर लावली, झाकण योग्य बाजूने उघडलं आणि ड्रमसुद्धा ओळखले. हौद भरत आला तेव्हा फाटकाशी बन्सी आला. तीच दुमडलेली पँट, आणि खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी. पाण्याचा वॉल्व्ह सोडायची.

"तू लाईनमन आहेस?" साहेबरावांनी थक्क होऊन विचारलं.

"मंग? तीन वर्सं झाली की मामा. आत्या कुठंय? तिला एक बोलायचं व्हतं. आज तिनं पट्टीवर बरोबर टाईम टाकला. पर गेल्या गुरुवारी मी फोनवर पावणेपाच सांगितलं व्हतं, तिनं गोकुळला चार कळवलं. लोकांनी लई शिव्या घातल्या मला."

साहेबरावांच्या हातातून नळी निसटली. बन्सीनेच ती उचलून परत हौदात घातली.

केसरबाई नारळ घेऊन आल्या तेव्हा ते शेवग्याखालच्या खुर्चीत बसले होते.

"गोकुळचा 'आपला माणूस' म्हणजे तू?"

"व्हय."

"आणि त्या दिवशी पट्टी सत्ताविसाव्या मिनिटाला आली, ती अशीच?"

केसरबाईंनी नारळ पायरीवर ठेवला. "तुमचा शेवट बायांनी त्याच दिवशी बघितला असता ना, तर परत तुमचा आवाज चढवला नसता कुणी. पाण्यासाठीबी नाय."

"पण ते खरं मत होतं माझं."

"मला काय ठाऊक नाय? मी उतरवते की सगळी." त्यांनी नारळाची शेंडी सारखी केली. "गुरुवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालता, आरशात बघता. रिटायर झाल्यापासून तेवढं एकच बघता. ते बंद झालेलं मला बघवलं नसतं."

बत्तीस वर्षं साहेबरावांनी दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते, पण घरातल्या घरात कुणी आपली एवढी काळजीने नोंद ठेवतंय, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते शालीच्या कोरड्या टोकाला पुसले. मग उठून त्यांनी ती खुर्ची केसरबाईंकडे सरकवली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसले.

"आणि आजचं?" त्यांनी विचारलं. "बरोबर दुसऱ्या पानाला कशी आली पट्टी?"

"दुसऱ्या पानावर काय व्हतं ते मीच उतरवलंय."

हौद भरून पाणी वाहू लागलं. साहेबरावांनी जाऊन मोटर बंद केली. येताना त्यांनी आतून पुढच्या भागाचे कागद आणले, केसरबाईंच्या मांडीवर ठेवले आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "या वेळी लोकांना शेवटची तीन मिनिटं पूर्ण दिसतील ना?"

केसरबाईंनी आधी शेवटचं पान काढून वाचलं. मग मोबाईल पदराला पुसला.

"बघू," त्या म्हणाल्या. "बन्सीचं काय म्हणणं येतं त्यावर हाय."